म्हातारीच्या टाकीतली ठकठक

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याने ठेवला नाही, तर तुम्ही कशाला ठेवाल?

पण मी तिथे होते. त्या टाकीच्या आत होते. जे घडलं ते जसंच्या तसं सांगते, पुढचं तुम्ही ठरवा.

फेब्रुवारी १९४१. उत्तर लंडनमधली इंजिनांची शेड.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. जेवणाची सुट्टी संपली होती आणि संध्याकाळच्या गाड्या सुटायला अवकाश होता... त्या मधल्या वेळात.

तसं शेडमध्ये दिवस काय आणि रात्र काय, सारखंच. विमानांना उजेड दिसू नये म्हणून छपराच्या सगळ्या काचांना काळा रंग फासला होता. आत कायम दिव्यांचा पिवळा उजेड, धूर, आणि ओल्या राखेचा वास.

मी एडना प्रॉक्टर. इंजिनं पुसायचे.

पुरुष लढाईवर गेले म्हणून आम्हा बायकांना घेतलं होतं. माझा नवरा आर्थर वाळवंटात कुठेतरी होता. दिवसभर मी चिंध्या आणि तेल घेऊन इंजिनं पुसायची. रात्री भोंगा वाजला की पांघरूण काखेत मारून भुयारी स्टेशनात जायचं, आणि फलाटावर अनोळखी माणसांच्या मध्ये अंग टाकायचं. झोप कसली? शेजारच्या बाईची कोपरं, पलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला, आणि वर बॉम्बची धडाधड.

सकाळी उठून पुन्हा शेड.

त्या हिवाळ्यात मी एकदाही पोटभर झोपले नव्हते. कोणीच झोपलं नव्हतं. माणसं उभ्याउभ्या पेंगायची. चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायची आणि तशीच बघत राहायची.

आमच्या शेडमध्ये टाकीवाली छोटी इंजिनं होती. पाण्याच्या दोन टाक्या बॉयलरच्या दोन्ही कुशींना, गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या. उपनगरातली माणसं सकाळी शहरात आणायची, संध्याकाळी परत न्यायची. एका टोकाला सरळ जायचं, दुसऱ्या टोकाहून उलटं यायचं. जन्मभर तेवढंच. त्यांना वळवून घेण्याचीसुद्धा कोणी तसदी घेत नसे.

त्यातल्या सगळ्यात जुन्या इंजिनाला आम्ही ‘म्हातारी’ म्हणायचो.

त्या दिवशी म्हातारी दुरुस्तीला उभी होती. आग विझून दोन दिवस झाले होते. आदल्या दिवशीच टाक्यांतलं पाणी सोडलं होतं. हात लावला तर लोखंड बर्फासारखं लागत होतं.

सकाळी मी तिची उजवी टाकी पुसत होते. पुसता पुसता डोकं कधी टाकीला टेकलं, कळलंच नाही. डोळे मिटले.

आणि कानाशी...

ठक. ठक. ठक.

मी दचकून मागे झाले. वाटलं, पलीकडून कोणीतरी काम करतंय. वाकून बघितलं. पलीकडे कोणी नव्हतं.

पुन्हा कान लावला.

ठक... ठक... ठक.

आतून.

आवाज हातोड्याचा नव्हता. बोटांच्या पेरांनी दार वाजवावं, तसा होता. आणि त्याला काही घाई नव्हती. खूप वेळ दार वाजवून दमलेलं माणूस कसं वाजवेल... तसा.

“फ्लोरी!” मी हाक मारली. “जरा इकडे ये गं.”

फ्लोरी बॅगली माझ्या जोडीला होती. पन्नाशीची, अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून भरलेली. दोन चाकांमधून डोकं काढत ती म्हणाली, “काय झालं? उंदीर असेल तर पकड, रात्री रस्सा करू.”

“कान लाव इथे.”

तिने कान लावला. तिचं हसू हळूहळू गेलं.

तोवर पर्सी लमॅक्स आला. हा आमचा फिटर. म्हातारीचा एकेक खिळा त्याच्या ओळखीचा. त्यानेही ऐकलं आणि मान हलवली.

“बोगद्यात धूर-वाफ कोंडू नये म्हणून वाफ टाकीतल्या पाण्यात सोडतात ना, तेव्हा पाणी असं ठोकतं. पोटात गॅस झालाय म्हातारीच्या.”

“तुझ्या पोटात होतो तेव्हा सगळ्या शेडला कळतं,” फ्लोरी म्हणाली. “हिचं बरं, नुसतं ठोकतेय. पण मेल्या, वाफ आहे कुठे? पाणी तरी आहे का?”

पर्सीने टाकीवर हात ठेवला. थंड. त्याने हात काढून घेतला आणि फोरमनला बोलवायला गेला.

आमचा फोरमन मिस्टर गॅरड. बारीक, पांढुरका माणूस. आदल्या आठवड्यात घराचं छप्पर उडाल्यापासून तो ऑफिसातल्या खुर्चीतच झोपायचा. तो दिवा घेऊन वर चढला. टाकीचं झाकण उघडलं. दिवा आत सोडला.

आम्ही खाली उभे. ठोकणं थांबलं होतं.

“कोणी नाही,” गॅरड म्हणाला. “गाळ आहे. घोटाभर गाळ. हाच गाळ पंपात जातो आणि गाडी मध्येच बंद पडते. संध्याकाळी मला हे इंजिन हवंय. कोणीतरी आत उतरा आणि खरवडून काढा.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“मी जाते,” फ्लोरी म्हणाली.

“तू आत गेलीस तर तुला काढायला टाकी कापावी लागेल,” पर्सी म्हणाला.

राहिले मी. त्या झाकणातून जाईल एवढी बारीक मीच होते. त्या दिवसांत बारीक होणं काही कठीण नव्हतं.

दुपारी, चरबी लावलेला पाव खाऊन झाल्यावर मी उतरले.

पर्सीने वरून सांगितलं, “आतली हवा जड असते. गंजक्या टाकीत माणसाला गुंगी येते. गाणं म्हणत राहा. गाणं थांबलं की आम्ही ओढून काढू.”

“तिचं गाणं ऐकलं तर म्हातारीच पळून जाईल,” फ्लोरी म्हणाली.

आत उभं राहता येत नव्हतं. दिवा बाजूला ठेवून, गुडघे टेकून, वाकून मी खरवडत होते. मध्ये मध्ये लोखंडी आडपडदे होते, पाणी हिंदकळू नये म्हणून. काळा, बुळबुळीत गाळ बादलीत भरायचा आणि बादली वर द्यायची. वरून फ्लोरीचे हात यायचे. बादली जायची, रिकामी यायची. मी गुणगुणत होते.

आत ठकठक नव्हती.

बाहेरचासुद्धा आवाज येत नव्हता. एवढी मोठी शेड, इंजिनं, हातोडे, माणसं... काही नाही.

शेवटी मी बादली वर दिली, खरवडणीही तिच्यातच टाकली. काम झालं होतं.

“रिकामी करून येते, मग तुला ओढते,” वरून फ्लोरी म्हणाली.

मी म्हटलं, तोवर टेकू जरा. आडपडद्याला पाठ लावली. थंडीने हात बधिर झाले होते, ते कोटाच्या आत काखेत घातले. दिवा एकदा फडफडला आणि गेला. तेल संपलं असेल.

अंधार.

गाणं कधी थांबलं, मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र आठवते. झोपेत जाता जाता मला वाटलं... शेजारी कोणीतरी बसलंय.

कोणीतरी लांब सुस्कारा सोडला. माझा नव्हता तो.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. रोज रात्री भुयारात कोणी ना कोणी असंच येऊन टेकायचं. मी डोळे न उघडता जरा सरकले.

त्याला जागा दिली.

पुढचं मला फ्लोरीने सांगितलं.

ती बादली घेऊन खाली आली, तेवढ्यात गॅरडने तिला पलीकडच्या रुळावर हाक मारली. एका इंजिनाची राख उपसायला माणूस नव्हता. पाच मिनिटांचं काम म्हणून ती गेली, ते लांबत गेलं. पर्सीला नळ सुटल्याचं बोलावणं आलं. आणि पाळी बदलली. विल्फ नावाचा पाणी भरणारा कामावर आला. त्याला एवढंच सांगितलेलं, म्हातारी संध्याकाळच्या गाडीला हवी आहे, टाक्या भर.

विल्फची यात चूक म्हणू नका. तो वर चढला. उजव्या टाकीचं झाकण उघडं दिसलं, तर त्याने आत तोंड घालून हाकही मारली.

“कोणी आहे का?”

उत्तर नाही.

त्याने झाकण लावून घेतलं, आणि पाण्याचा नळ डावीकडे होता म्हणून डाव्या टाकीत पाणी सोडलं. दोन्ही टाक्या खालून एका नळीने जोडलेल्या असतात. एकीत पाणी सोडलं की दुसरीत आपोआप चढतं. गुपचूप. खालून.

थोड्या वेळाने ठकठक सुरू झाली.

सकाळी सगळ्यांनी ऐकलीच होती. एकाने हसून म्हटलं, “म्हातारी उठली.” दुसरा म्हणाला, “तहान भागली असेल.” कोणी हातातलं काम सोडलं नाही. सकाळी झाकण उघडून बघितलं होतं ना? काही नव्हतं ना? मग?

फ्लोरी राख उपसत होती. तिच्या कानावर पडलं.

सकाळसारखं नव्हतं ते. सकाळी दमून ठोकत होतं. आता...

ठकठकठकठकठक.

फ्लोरीने फावडं टाकलं.

“एडी कुठे आहे?”

“घरी गेली असेल,” कोणीतरी म्हणालं. “अगं, सकाळचंच आहे ते, सोड.”

“सकाळचं असो की रात्रीचं असो, ठोकतंय ना?”

“कोण ठोकतंय पण? भूत?”

“भूत तर भूत!” फ्लोरी ओरडली. “ढिगाऱ्याखालून ठोकल्याचा आवाज आला की आधी उपसायचं. कोण आहे ते मग विचारायचं. माझ्या बहिणीच्या वेळी तुमच्यासारखीच शहाणी माणसं उभी होती. सरक!”

पन्नाशीची ती जाडी बाई इंजिनावर कशी चढली, देव जाणे. झाकण उघडलं.

मला जाग आली ती तिच्या आवाजाने आणि डोळ्यांवर पडलेल्या उजेडाने. पाणी माझ्या गळ्याशी होतं. पाय आहेत की नाहीत, कळत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना.

तिने माझी कॉलर धरली. पर्सी धावत आला, त्याने दंड धरला. मला पोत्यासारखं वर ओढून काढलं.

मला आगीपाशी बसवलं, गोणपाटात गुंडाळलं. साखर नसलेला गरम चहा ओठांना लावला. विल्फ भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता.

“रडू नकोस रे,” पर्सी त्याला म्हणाला. “वाचली ना ती. ठोकलं म्हणून वाचली. शाबास पोरी, अक्कल ठेवलीस.”

मी मान वर केली.

“मी नाही ठोकलं.”

“अगं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

“मी झोपले होते.”

“मग झोपेत खरवडणी आपटली असशील.”

“खरवडणी फ्लोरीकडे होती.”

सगळे फ्लोरीकडे बघायला लागले. ती माझ्याकडे बघत होती.

“बादलीतच आहे ती,” फ्लोरी हळू आवाजात म्हणाली. “आणि हिचे हात... मी झाकण उघडलं तेव्हा कोटाच्या आत होते. काखेत.”

विल्फचं रडणं थांबलं.

आणि मग...

ठक... ठक... ठक.

झाकण अजून उघडंच होतं. नळ चालूच राहिल्याने पाणी काठाशी आलेलं. आवाज त्याच्या खालून येत होता. पुन्हा तसाच, सावकाश.

गॅरड वर चढला. त्याने लांब आकडा घेतला आणि पाण्यात घालून ढवळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आकडा आडपडद्यांना लागून वाजत होता. दुसरं काही लागलं नाही.

“पाणी आहे,” तो म्हणाला. “नुसतं पाणी आहे.”

“रिकामी करा,” फ्लोरी म्हणाली.

“फ्लोरी, सकाळी बघितलं. आता बघितलं. ही एडना आत बसून आली. आणखी काय बघू?” त्याचा आवाज चढला नाही. चढवायला ताकद लागते. “फलाटावर माणसं उभी असतील. भोंगा व्हायच्या आत त्यांना घरी पोचायचंय. माझ्याकडे दुसरं इंजिन नाही गं.”

फ्लोरी पुन्हा वर चढली. टाकीवर पालथी पडली. बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. खांद्यापर्यंत.

चाचपत राहिली.

ठकठक थांबली.

फ्लोरी हलली नाही. तशीच पडून होती, गाल लोखंडाला टेकलेला. डोळे उघडे. आम्हाला वाटलं, तिला काही झालं.

“फ्लोरी?” मी हाक मारली.

तिने हात बाहेर काढला. अगदी सावकाश. मग झाकण घेतलं आणि आवाज न करता लावलं... झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं.

“काय होतं?” पर्सीने विचारलं.

“पाणी,” ती म्हणाली.

आणि तळहात कोटाला पुसत राहिली. पुसत राहिली.

आग पेटवली, वाफ धरली. संध्याकाळची गाडी सुटली, बऱ्याच उशिरा. म्हातारीच घेऊन गेली.

मला घरी जायला तीच गाडी होती.

डब्यात निळा दिवा. सगळे झोपलेले. कारकून, दुकानात काम करणाऱ्या पोरी, एक सैनिक. माना खांद्यावर पडलेल्या. मी पर्सीची जुनी पँट घालून, गोणपाट पांघरून बसले होते. कोणी ढुंकून बघितलं नाही. मी मात्र डोळे मिटले नाहीत.

माझं स्टेशन आलं. उतरले. बाहेर पडायला इंजिनाजवळूनच जावं लागायचं.

म्हातारी उभी होती, धापा टाकत. मी उजव्या टाकीपाशी पोचले.

ठक... ठक...

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “शहरापासून हेच चाललंय,” तो म्हणाला. “तुझ्या ओळखीचं आहे का कोणी?”

थट्टाच होती ती. मला हसू आलं नाही.

काय वाटलं कोण जाणे. मी हात वर केला, आणि बोटांच्या पेरांनी टाकी वाजवली. हळूच.

आतला आवाज थांबला.

मी वाट बघितली. ड्रायव्हरही वाट बघत होता. गार्डने हिरवा दिवा दाखवला, शिट्टी झाली, चाकं फिरली. ती टाकी माझ्या हाताखालून सरकत अंधारात गेली.

त्यानंतर म्हातारीच्या टाकीतून कधी आवाज आला नाही. लढाई संपल्यावर ती मोडीत निघाली. पर्सी मुद्दाम बघायला गेला होता. टाकी कापली तेव्हा आत गाळ होता, म्हणाला. बाकी काही नाही. त्या शेडमध्ये, त्या इंजिनावर, त्या टाकीत कधी कोणी मेल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्या आधीच्या कोणाला आठवत नव्हतं.

मी फ्लोरीला पुष्कळदा विचारलं. ती दरवेळी विषय बदलायची.

मग ती आजारी पडली. मी इस्पितळात तिला भेटायला जायचे. खिडकीतून ऊन यायचं, ती उशीला टेकून बसायची. एक दिवस तिने आपणहून काढलं.

“एडी, त्या दिवशी पाण्यात ना... माझा हात कोणीतरी धरला.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“ओढला नाही गं. मी घाबरले, म्हटलं आता ओढणार. पण नाही. हात धरला, आणि... आपल्या कपाळावर ठेवून घेतला. पोराला ताप आला की आपण ठेवतो ना, तसा. आणि तसंच राहिलं.”

“मग?”

“मग काय. मी ठेवला तसाच. थोड्या वेळाने त्यानेच सोडला.” ती थांबली. तिला धाप लागली होती. “दमलं होतं गं. काय होतं मला माहीत नाही. पण फार दमलं होतं. त्याला उठायचं नव्हतं. म्हणून मी झाकण लावलं.”

मी तिचा हात हातात घेतला. जे इतकी वर्षं मनात होतं, ते विचारलं.

“फ्लोरी, दुपारी ते माझ्यासाठी ठोकत होतं, मान्य. पण सकाळी? सकाळी तर मी बाहेर होते. तेव्हा ते कोणाला बोलवत होतं?”



मी बघितलं तर तिला झोप लागली होती.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स येऊन दोनदा सांगून गेली. मी उठले नाही. तिची छाती वरखाली होतेय ना, तेवढंच बघत बसले होते.